जेफ्री बावांची श्रीलंकेतील हॉटेले: मुक्कामात कसे पाहावे, काय मोजावे आणि आपल्या घरासाठी काय आणावे

परदेशात एखाद्या देखण्या हॉटेलात उतरलो की पहिल्या तासाभरात आपण पन्नास फोटो काढतो आणि वर्षभराने स्वतःच्या घराचे काम निघाले की तेच फोटो गवंड्यापुढे धरतो. गवंडी विचारतो, कठडा किती उंच होता, पडवी किती खोल होती, कोब्याला जोड कुठे दिला होता. या प्रश्नांची उत्तरे फोटोत नसतात. हा लेख ती उत्तरे मुक्कामातच कशी मिळवावीत याविषयी आहे आणि त्यासाठी मी श्रीलंकेचे वास्तुविशारद जेफ्री बावा यांची हॉटेले निवडली आहेत.

निवडीची कारणे सरळ आहेत. मुंबईहून कोलंबोला थेट विमानाने साधारण अडीच तासांत पोहोचता येते. तिथला नैर्ऋत्य किनारा आपल्या कोकण-गोव्यासारखाच मोसमी पावसाचा, नारळी-पोफळीचा आणि कौलारू घरांचा प्रदेश आहे. शिवाय बावांच्या कामाचा मोठा भाग हॉटेलांच्या रूपात उभा असल्यामुळे तिथे रात्र काढता येते, पहाटेचा उजेड पाहता येतो आणि पाऊस आला तर पागोळ्या कुठे पडतात तेही बसल्या जागेवरून दिसते. संग्रहालयातल्या तासाभराच्या फेरीत हे मिळत नाही.

बावांविषयी एक गोष्ट आधी माहीत असली तर पुढचे पाहणे सोपे जाते. त्यांचा जन्म १९१९ मध्ये कोलंबोत झाला, केंब्रिजला त्यांनी इंग्रजी साहित्य शिकले, नंतर कायद्याचा अभ्यास करून ते बॅरिस्टर झाले. १९४८ मध्ये त्यांनी बेंटोटाजवळ एका सरोवराकाठी रबराचा जुना मळा विकत घेतला, त्याचे नाव लुनुगंगा ठेवले आणि तिथे बाग करायला सुरुवात केली. ती बाग करताना आपल्याला तांत्रिक ज्ञान कमी पडते हे त्यांच्या लक्षात आले आणि लंडनला जाऊन ते वास्तुकला शिकले. १९५७ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, ते वास्तुविशारद म्हणून पात्र झाले. म्हणजे ते बागेच्या वाटेने घरापर्यंत आले. त्यामुळे त्यांच्या खोलीत शिरल्यावर आधी कपाट किंवा पलंग पाहू नये. तिथे बसल्यावर समोर काय दिसते, ते पाहावे.

मार्ग आणि ऋतू

आठ रात्री हाताशी असतील तर कोलंबोत दोन, बेंटोटा परिसरात दोन, गॉल येथे एक, कँडीत एक आणि शेवटी दम्बुल्लाजवळच्या कंदलमा तलावाकाठी दोन असा क्रम मी सुचवेन. कंदलमा शेवटी ठेवण्यामागे दोन हेतू आहेत. ही इमारत समजायला आधीची लहान कामे पाहिलेली असावी लागतात आणि कोलंबोचा विमानतळ शहराच्या उत्तरेला असल्यामुळे दम्बुल्लाहून परस्पर विमानतळ गाठता येतो. एवढे दिवस नसतील तर कँडी आणि गॉल वगळावेत, पण लुनुगंगा वगळू नये.

कोलंबोहून बेंटोटाकडे जाताना मोटारीपेक्षा किनाऱ्याची रेल्वे घ्यावी. कोलंबो फोर्ट स्थानकावरून निघून अलुथगामाला उतरले की बेंटोटा जवळच आहे. दक्षिणेकडे जाताना उजव्या बाजूला बसावे, कारण बराच वेळ रूळ समुद्राला लागूनच धावतात. पुढे कँडीकडच्या डोंगराळ भागात जायचे असेल तर निघण्यापूर्वी रस्त्यांची स्थिती विचारून घ्यावी. भारतीय प्रवाशांना लागणाऱ्या प्रवेश परवान्याचे नियम बदलत असतात, म्हणून ते तिकीट काढण्याआधी श्रीलंकेच्या सरकारी संकेतस्थळावरच पाहावेत.

डिसेंबर ते मार्च या काळात नैर्ऋत्य किनारा कोरडा असतो आणि बहुतेक प्रवासी तेव्हाच जातात. परंतु ज्यांना कोकणात किंवा गोव्यात घर बांधायचे आहे त्यांनी मे ते सप्टेंबरमध्ये जावे असे माझे मत आहे. समुद्रात पोहता येत नाही आणि कपडे वाळत नाहीत, हे खरे. पण पावसात मोकळी ओसरी कुठपर्यंत भिजते, कोणती खुर्ची आत ओढली जाते आणि छपराचे पाणी कोणत्या वाटेने जमिनीत जाते हे कोरड्या दिवसांत समजणारच नाही. मी दोन्ही ऋतूंत गेलो आहे आणि माझ्या वहीतल्या उपयोगाच्या नोंदी जवळजवळ सगळ्या पावसाळ्यातल्या भेटीच्या आहेत.

निघण्यापूर्वी: स्वतःची मापे

सामानात पाच मीटरचा पोलादी टेप, चौकटीच्या कागदाची वही, दोन पेन्सिली आणि दहा सेंटिमीटर लांबीची पांढऱ्या पुठ्ठ्याची पट्टी ठेवावी. पट्टी एवढ्यासाठी की दाराच्या कडीचा, फरशीच्या जोडाचा किंवा खुर्चीच्या विणीचा फोटो काढताना ती शेजारी धरली की नंतर माप काढता येते. दिशा आणि उतार मोजण्यासाठी फोनमधले होकायंत्र आणि पाणपातळी पुरेशी असते.

मात्र दर ठिकाणी टेप काढता येत नाही आणि जेवणाच्या दालनात तो काढणे शोभतही नाही. म्हणून घरीच स्वतःची वीत, कोपरापासून बोटापर्यंतचा हात, चालतानाचे एक पाऊल, उभ्याने डोळ्यांची उंची आणि बसल्यावर डोळ्यांची उंची ही पाच मापे घेऊन वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत. यांतले शेवटचे माप सर्वांत महत्त्वाचे आहे. साध्या खुर्चीत बसल्यावर बहुतेकांचे डोळे जमिनीपासून एक मीटर दहा ते वीस सेंटिमीटरवर असतात आणि बैठकीसमोरचा कठडा, खिडकीची खालची कड व बाहेरचे झुडूप यांची उंची याच रेषेवरून ठरते. आपल्याकडे खिडकीचा उंबरठा सवयीने तीन फुटांवर धरला जातो. मग खुर्चीत बसलेल्या माणसाला आभाळ दिसते, अंगण दिसत नाही.

कोलंबोतील पहिला धडा: अरुंद जागेत उजेड

सुरुवात बावांच्या स्वतःच्या घरापासून करावी. तेहतिसाव्या गल्लीतील अकरा क्रमांकाचे हे घर म्हणजे मुळात एका ओळीतली चार लहान घरे होती. १९५८ पासून सुमारे दहा वर्षांत ती एकेक करून त्यांच्याकडे आली आणि त्यांनी ती जोडून एकच घर केले. आज त्याची देखभाल बावांच्या नावाचा न्यास करतो. आधी वेळ ठरवून पाहायला जाता येते आणि राहण्याचीही सोय आहे. फोटो काढण्याचे नियम दारातच विचारून घ्यावेत.

पुण्या-मुंबईत, नाशकात किंवा मडगावात अरुंद प्लॉटवर घर असलेल्यांनी इथे जास्तीत जास्त वेळ घालवावा. दारातून आत गेल्यावर एक लांब पांढरा बोळ लागतो. त्याच्या टोकाला उजेड आहे आणि त्या उजेडाच्या ओढीने आपण पुढे जातो. वाटेत जागोजागी लहान चौक आहेत, काही तर एखादे झाड किंवा पाण्याचे लहानसे कुंड मावेल एवढेच. दक्षिण भारतातल्या चेट्टिनाड भागातील जुन्या वाड्यांचे खांब इथे पुन्हा उभे केलेले आहेत. ऑस्ट्रेलियन चित्रकार डोनाल्ड फ्रेंड यांनी रंगवलेले दारही याच घरात आहे.

इथे करायचे काम असे: प्रत्येक चौकाची लांबी-रुंदी पावलांनी मोजावी, त्याभोवतीच्या भिंतीची उंची अंदाजाने लिहावी आणि चौकापासून किती पावले आत गेल्यावर पुस्तक वाचण्याइतका उजेड उरत नाही ते पाहावे. ही तीन मापे मिळाली की स्वतःच्या घरात चौकासाठी किती जागा सोडावी याचा निर्णय आकड्यांवर घेता येतो. सिंहली घरातल्या मधल्या अंगणाला मॅद मिदुल म्हणतात. आपल्या वाड्यातला चौक आणि गोव्याच्या घरातले राजांगण यांचाच तो भाऊ आहे. फरक एवढाच की आपण चौक सोडून दिले आणि बावांनी ते शहरी प्लॉटमध्ये पुन्हा आणले.

कोलंबोतच आल्फ्रेड हाऊस मार्गावर बावांचे जुने कार्यालय होते. तिथे आता उपाहारगृह आहे, दुपारचे जेवण तिथे घ्यावे. बैरा सरोवरातले सीमा मालक हे बौद्ध ध्यानमंदिर संध्याकाळी पाहावे. एखादा तास गॉल रस्त्यावरच्या बेअरफूट या हातमाग दुकानासाठी ठेवावा. बार्बरा सान्सोनी यांनी उभारलेल्या या उद्योगाची कापडे बावांच्या अनेक इमारतींत वापरली गेली आणि ती कापडे आधी हाताळलेली असली की पुढच्या खोल्यांतले रंग ओळखीचे वाटू लागतात.

बेंटोटा आणि लुनुगंगा: समोरचे दृश्य घडवणे

बेंटोटा बीच हॉटेल १९६९ मध्ये पूर्ण झाले. श्रीलंकेतल्या पर्यटन वास्तूंना वळण लावणारी ही इमारत मधल्या काळात बरीच बदलली गेली होती. बावांचेच शिष्य चन्ना दासवत्ते यांच्या देखरेखीखाली तिचा जीर्णोद्धार झाला आहे. खाली ओबडधोबड दगडी तट आणि वर लाकूड-कौलांचे हलके मजले अशी तिची बांधणी. तटातल्या जिन्याने वर आले की डोक्यावर बाटिक कापडाचे रंगीत छत लागते, आणि या छताची मूळ कल्पना प्रत्यक्षात आणली ती बाटिक कलावंत एना डि सिल्वा यांनी. इथे थांबून भिंती आणि जमीन पाहावी: दोन्ही साध्या, जवळजवळ रंगहीन आहेत. सगळा रंग एकाच पृष्ठभागावर, तोही वर ठेवला आहे. दिवाणखान्यात पडदे, गालिचा, उशा आणि एक भिंत असे चार ठिकाणी रंग वाटण्याची सवय असलेल्यांनी हे मुद्दाम लिहून घ्यावे.

लुनुगंगाला मात्र एक पूर्ण दिवस द्यावा, शक्य असेल तर रात्रही. मळ्यातल्या काही इमारतींत मुक्कामाची सोय आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बावांनी एना डि सिल्वा यांच्यासाठी कोलंबोत बांधलेले घरही मूळ जागेवरून उतरवून इथे पुन्हा उभारलेले आहे. चौकाभोवती उलगडणारे घर आतून कसे चालते ते त्यात पाहता येते.

मुख्य घराच्या दक्षिणेला दालचिनीची टेकडी आहे. तिच्यावर एका झाडाखाली चिनी मातीचे मोठे रांजण ठेवलेले दिसते आणि त्याच्या पलीकडे, सरोवरापार, एका मंदिराचा पांढरा स्तूप. ते झाड म्हणजे आपली बकुळ. रांजण काढून टाकले आहे अशी कल्पना करून पाहावी. स्तूप एकदम लांबचा, कुणा दुसऱ्याचा वाटू लागतो. मधे ठेवलेली ही एक वस्तू दूरच्या वस्तूला आपल्या बागेत ओढून आणते. घर आणि टेकडी यांच्यामधून एक सार्वजनिक वाट जाते, पण ती खोलगट चरात उतरवलेली असल्यामुळे घरातून दिसतच नाही. कोकणात ज्यांच्या आवारातून गावाची पायवाट जाते आणि त्यामुळे ज्यांना उंच भिंत घालण्याचा मोह होतो, त्यांनी ही युक्ती तिथे उभे राहून नीट समजून घ्यावी. भिंतीने वाट लपते, पण तिच्याबरोबर डोंगरही जातो.

उत्तरेच्या गच्चीवरचे चाफ्याचे झाड पाहायला विसरू नये. त्याच्या फांद्यांना वजने टांगून त्या वर्षानुवर्षे हव्या त्या दिशेला वळवलेल्या आहेत. बागेत ठिकठिकाणी बसण्याच्या जागा आहेत आणि तिथे घंटाही टांगलेल्या आहेत. मालक जिथे बसला असेल तिथली घंटा वाजली की चहा तिकडे येई. दिवसाच्या कोणत्या वेळी कोणत्या जागी सावली आणि वारा असतो याचा तो चालता-बोलता नकाशाच होता. आपणही असा नकाशा करावा: सकाळी सात, दुपारी बारा, चार आणि सूर्यास्त या चार वेळी वहीतल्या एकाच आराखड्यावर सावलीची कड निरनिराळ्या रेघांनी काढावी. हे काम कंटाळवाणे वाटते, पण घरी परतल्यावर स्वतःच्या मोकळ्या जागेवर हेच करायचे असल्यामुळे इथे हात बसलेला बरा.

अहुंगल्ला आणि गॉल: आत शिरण्याची रीत

बेंटोटाहून गॉलला जाताना अहुंगल्ला येथे चहापुरते थांबावे. १९८१ मध्ये पूर्ण झालेल्या इथल्या हॉटेलात प्रवेशापुढचे पाणी, मोकळे स्वागत-दालन, पोहण्याचा तलाव आणि समुद्र हे सगळे एका सरळ रेषेत आहेत. तलावाची कड आणि समुद्राची कड जवळजवळ एकमेकींत मिसळतात. स्वागत-दालनाच्या जमिनीला चकाकी आहे, त्यामुळे तीही पाण्याचाच भाग वाटते.

गॉलचे लाइटहाऊस हॉटेल १९९७ चे आहे आणि त्याची रीत याच्या अगदी उलट आहे. रस्त्याच्या पातळीवर एक ठेंगणे, अंधारे प्रवेशद्वार लागते आणि समुद्र कुठेच दिसत नाही. मग एका उंच गोल बुरुजातून वळणारा जिना चढायचा. शिल्पकार लाकी सेनानायके यांनी या जिन्याच्या कठड्यावर पोर्तुगीज आणि सिंहली सैनिकांची लढाई धातूच्या आकृतींत उभी केली आहे. ढोल, घोडे, भाले पाहत आपण वर जातो आणि बाहेर येताच समोर खडकांवर फुटणारा समुद्र असतो.

या दोन्ही ठिकाणी एकच कृती करावी. आत शिरताना फोटो काढू नये. खोलीत सामान ठेवून पुन्हा फाटकापर्यंत जावे आणि वही घेऊन सावकाश परत चालत यावे. फाटक, छपराखालची पहिली पायरी, पहिले वळण, थांबण्याची जागा आणि शेवटचे दार अशी पाच ठिकाणे धरून प्रत्येक ठिकाणी रुंदी, डोक्यावरची उंची, पायाखालचा पृष्ठभाग, उजेड वाढला की कमी झाला आणि समोर काय दिसले, एवढेच लिहावे. घराच्या प्रवेशात दोन मीटरांपेक्षा थोडी जास्त उंची असलेली ठेंगणी पडवी आणि तिच्या मागे उंच माजघर असा क्रम आपल्या जुन्या घरांत होताच. उंचीचा तो फरक किती ठेवला तर जाणवतो, हे या नोंदींतून कळते. स्लॅबच्या घरात सगळ्या खोल्या एकाच उंचीच्या होतात. तिथे निदान प्रवेशापाशी लाकडी माळा किंवा खोटे छत घेऊन उंची कमी करता येते.

कंदलमा: डोंगराला टेकलेली इमारत

कँडीहून दम्बुल्लाकडे जाताना मातलेजवळ अलुविहारे येथे एना डि सिल्वा यांनी उभारलेले हस्तकला केंद्र रस्त्यातच लागते. तिथे बाटिक आणि भरतकाम होते. खरेदी करायचीच असेल तर या टप्प्यावर करावी.

कंदलमाचे हॉटेल १९९४ मध्ये उघडले. गुंतवणूकदारांच्या मनात सिगिरिया या प्राचीन किल्ल्याच्या खडकाजवळची जागा होती. बावांनी ती नाकारली आणि काही किलोमीटर दूर, प्राचीन सिंचन तलावाकाठचा कडा निवडला, जिथून सिगिरिया क्षितिजावर दिसतो. बांधकामाच्या काळात तलावाच्या पाण्याची आणि जंगलाची काळजी असलेल्या लोकांनी, बौद्ध भिक्षूंसह, मोठा विरोध केला होता. त्या वादाची आठवण ठेवून इमारत पाहावी, कारण तिचे बरेच निर्णय त्या प्रश्नाशी निगडित आहेत. ती कड्याला समांतर जवळजवळ एक किलोमीटर पसरली आहे. बऱ्याच भागात ती खांबांवर उचललेली असल्याने डोंगरावरून येणारे पाणी आणि प्राणी खालून जाऊ शकतात. वेलींनी तिचा दर्शनी भाग इतका झाकला आहे की तलावाच्या पलीकडून ती शोधावी लागते.

गुहेसारख्या प्रवेशातून आत आल्यावर मूळ खडक तसाच इमारतीत शिरलेला दिसतो. लांब मार्गिका एका बाजूला मोकळ्या आहेत आणि खडकाला हात लावत चालता येते. जिन्यावर सेनानायके यांचे पंख पसरलेले प्रचंड घुबड आहे. खोली आरक्षित करताना तलावाच्या बाजूची आणि शक्यतो वरच्या मजल्यावरची मागावी. खोलीतले सामान साधे आहे. न्हाणीघरालाही बाहेरच्या झाडीकडे मोठी काच आहे. माकडे येतात, म्हणून गॅलरीचे दार लावण्याची सूचना पाळावी.

इथे मोजायचे ते म्हणजे चौकटी. खांब, कठडे आणि खिडक्यांच्या चौकटी गडद रंगाच्या आहेत. त्यामुळे आतून पाहताना त्या हरवतात आणि डोळा थेट हिरवळीवर जातो. पांढरी ॲल्युमिनियमची चौकट याच जागी कशी दिसली असती, ते वहीचा पांढरा कागद काचेच्या कडेला धरून पाहावे. घरी सुताराला रंग सांगताना हा दोन मिनिटांचा प्रयोग उपयोगी पडतो. मी पाहिलेल्या घरांत सर्वांत कमी खर्चात सर्वांत मोठा फरक याच एका बदलाने पडला आहे.

छप्पर आणि जमीन: परत आणण्याजोगे

बावांच्या छपरांची एक तांत्रिक युक्ती कोकणातल्या प्रत्येक घरमालकाला ठाऊक असावी. सिमेंटचे पन्हळी पत्रे खाली घालून त्यांच्या पन्हळींत मातीची नळीची कौले बसवायची. कौलांतून झिरपलेले पाणी पत्र्याच्या पन्हळीतून वाहून जाते, त्यामुळे गळती होत नाही, दरवर्षी छप्पर शाकारावे लागत नाही आणि कौलांमुळे पत्रा तापत नाही. त्या काळातल्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. आज हे काम ॲस्बेस्टॉसविरहित पत्र्यांवरच करावे आणि जुने पत्रे कापू किंवा घासू नयेत. मुक्कामात एखाद्या कमी उंचीच्या वळचणीखाली उभे राहून पत्रा, कौल आणि वासा यांचा काटछेद वहीत काढून घ्यावा.

ओलतीचे माप मात्र जसेच्या तसे उचलू नये. कोलंबो विषुववृत्तापासून सुमारे ७ अंशांवर आहे आणि दक्षिण कोकण सुमारे १७ अंशांवर. त्यामुळे डिसेंबरच्या मध्यान्ही तिथे सूर्य क्षितिजापासून जवळपास ६० अंश वर असतो आणि आपल्याकडे ५० अंशांच्या आत. ओलतीची कड जमिनीपासून अडीच मीटर उंच असेल, तर दक्षिणेकडून ऊन तिथे सुमारे दीड मीटर आत येईल आणि रत्नागिरी-सावंतवाडीकडे दोन मीटरांपेक्षा जास्त. थंडीत हे ऊन हवेसे वाटते, पण लाकडी सामान आणि कापडे त्यात विटतात, म्हणून दक्षिणेची पडवी किमान अडीच मीटर खोल धरावी. पश्चिमेकडच्या तिरप्या उन्हाला आणि पावसाला खोलीही पुरत नाही. तिथे बांबूचे तट्टे, झडपा किंवा झाडेच लागतात.

दुसरा फरक वाऱ्याचा. श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर चक्रीवादळे क्वचित येतात. आपण ३ जून २०२० चे निसर्ग वादळ पाहिले आहे आणि रायगड-दापोलीकडे किती घरांची छपरे गेली तेही पाहिले आहे. म्हणून समुद्राकडे पूर्ण मोकळे दालन कोकणात करायचे असेल, तर त्याला बंद करता येणारी लाकडी दारे हवीत, कौलांच्या कडेच्या ओळी तारेने किंवा चुन्याने पक्क्या केलेल्या हव्यात आणि वासे भिंतीशी लोखंडी पट्ट्यांनी जखडलेले हवेत. किनाऱ्याजवळ त्या पट्ट्या गंजरोधक असाव्यात.

कोकणातच चांगला मिळणारा जांभा, चुना, नळीची कौले आणि बेळगाव-सावंतवाडीकडच्या सुतारांचे कसब सोडून श्रीलंकेतून खुर्ची किंवा खांब आणण्याचा खटाटोप करू नये. आणायचेच असेल तर हातमागाचे कापड आणावे. ते हलके असते, पावसात बिघडत नाही आणि एका रंगाच्या दोन-तीन पट्ट्यांनीही खोली बदलते.

राहिला कोबा. बावांच्या घरांतली घोटीव सिमेंटची जमीन सगळ्यांनाच आवडते आणि आपल्याकडे ती हमखास बिघडते, कारण मुक्कामात लोक रंग पाहतात आणि जोड पाहत नाहीत. फरशीच्या पट्ट्या कुठे आहेत, एक चौकोन केवढा आहे, भिंतीपाशी कड कशी वळवली आहे आणि दाराच्या उंबरठ्याशी जमीन कुठे थांबते, हे पुठ्ठ्याची पट्टी ठेवून टिपावे. गावी आल्यावर संपूर्ण ओसरी एकदम घालू नये. गवंड्याकडून आधी मागच्या पडवीत एक मीटर बाय एक मीटरचा नमुना करून घ्यावा, त्यात सिमेंट, बारीक वाळू आणि रंगासाठी गेरू यांचे प्रमाण लिहून ठेवावे, वरचा थर ओला असतानाच लोखंडी थापीने घोटावा आणि निदान सात दिवस त्यावर पाणी साठवून ठेवावे. मग तो नमुना एक पूर्ण पावसाळा तसाच राहू द्यावा. त्यावर ओली चप्पल, सायकलचे चाक आणि सांडलेले तेल पडू द्यावे. दिवाळीत जर त्याला भेग नसेल आणि तो पुसल्यावर चमकत असेल, तर त्याच गवंड्याला, त्याच प्रमाणाने, एक ते सव्वा मीटरच्या चौकोनांत पट्ट्या घालून बाकीची ओसरी करायला सांगावी.